शिवण उसवते, मग वीण उसवते का?

ताई,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. बहिणीच्या बाळंतपणासाठी तुम्ही आणि आई पुढच्या महिन्यात जर्मनीला निघाला आहात. घरात दुपटी, झबली आणि एक गोधडी असं शिवण मांडलेलं आहे. आई मशीनवर बसलेल्या, तुम्ही शेजारी पेपर वाचत होतात. त्यातलं 'समाजाची वीण उसवत चालली आहे' हे वाक्य तुम्ही मोठ्याने वाचलंत आणि आई मशीन थांबवून म्हणाल्या, "वीण कशी उसवेल? उसवते ती शिवण." तुम्हाला ते पटलं, पण इतका रूढ झालेला प्रयोग चूक कसा म्हणायचा, असंही वाटलं. जोडीला एक छोटा प्रश्न: दुपटं आणि दुपट्टा एकच का?

आईंचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. उरलेल्या अर्ध्यात मला जास्त गंमत वाटते.

माझे वडील शिंपीकाम करायचे. दुरुस्तीचा कपडा घेऊन कुणी आलं की घडी उलगडायच्या आधी ते विचारायचे, "उसवलंय की फाटलंय?" गिऱ्हाईक कधी कधी वैतागायचं, कारण त्याच्या लेखी भोक ते भोक. वडिलांच्या लेखी मात्र ही दोन निराळी कामं होती. उसवलं म्हणजे दोरा गेला, कापड शाबूत आहे. जुन्या रेषेवरून पुन्हा एक टीप मारली की झालं. फाटलं म्हणजे कापडच गेलं. मग रफू करा किंवा ठिगळ लावा, जागा दिसायची ती दिसणारच. तिसरा प्रकार ते कपडा उजेडाकडे धरून ओळखायचे. 'विरलंय' म्हणायचे आणि परत द्यायचे. विरलेल्या कापडाला टीप मारून उपयोग नसतो. सुई जिथून जाते तिथे नवं भोक पडतं आणि शिवण धरून ठेवायला कापडात जीव उरलेला नसतो.

म्हणजे हे तीन शब्द नुकसान कुठे झालं ते सांगतात, आणि पुढे काय करता येईल तेही. 'आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावायचं' या म्हणीत फाटणंच का आहे, ते यावरून कळतं. आभाळ नुसतं उसवलं असतं, तर कुणीतरी टीप मारून दिली असती.

आता 'उसवणे'कडे. या क्रियापदाच्या पोटात 'शिवणे' आहे. संस्कृतात शिवण्याचा धातू 'सिव्'. त्याला उलटं करणारा 'उत्' जोडला गेला आणि प्राकृतातून घासत घासत आपल्यापर्यंत 'उसवणे' पोचलं. शिवणाऱ्यांच्या घरातला हा शब्द आहे, त्यामुळे शिवणीवर पहिला हक्क त्याचाच. आईंच्या आक्षेपाला इथे भक्कम आधार मिळतो.

याच क्रियापदाची आणखी एक खोड मला फार आवडते. फाटणे-फाडणे, तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे अशा जोड्या मराठीत आहेत: एक आपोआप होणारं, दुसरं कुणीतरी केलेलं. 'उसवणे'ला अशी जोडीदारीण नाही. 'बाही उसवली' म्हणजे ती आपोआप उसवली की तुम्ही बसून उसवली, हे नुसत्या या दोन शब्दांवरून कळत नाही. मोडणे, उघडणे, भरणे ही त्याच जातीची. फांदी मोडली, दार उघडलं, हंडा भरला; कर्ता सांगितला तर कुणी केलं ते कळतं, नाहीतर झालं एवढंच. शिवणकामात हे चपखल बसतं. तिथे उसवणं ही नेहमी दुर्घटना नसते, ते एक कामच आहे. चुकलं की उसवायचं, घट्ट झालं की उसवायचं, बाळ वाढलं की उसवायचं.

उसवण्याचं सर्वांत शुद्ध रूप पाहायचं असेल तर धान्याच्या गोणीचं तोंड पाहा. तिथे साखळीचा टाका असतो. योग्य टोकाचा दोरा सापडला की नुसतं ओढायचं, सर्रकन सगळं तोंड उघडतं. मशीनची साधी टीप तशी उघडत नाही, कारण तिथे वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा प्रत्येक टाक्याला एकमेकांत अडकलेले असतात. ब्लेडने दर तीनचार टाक्यांवर एक कापत जावं लागतं. धावदोरा तर दोन्हींपेक्षा सोपा: गाठ कापली आणि ओढला की बाहेर. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, कारण तिन्ही ठिकाणी दोरा निघतो आणि कापड तसंच राहतं.

मग मागावरच्या कापडाचं काय? तिथे उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. शेकडो धागे एकमेकांना वरखाली धरून असतात, आणि सगळं कापड एका धाग्याच्या भरवशावर नसतं. एक धागा ओढलात तर तो एकटाच येतो. म्हणून असं कापड उसवत नाही. त्याच्या कडेला दशा सुटतात, दसड्या निघतात, वापरून वापरून ते विरतं, ओढाताणीने विसविशीत होतं. आईंच्या तरुणपणी बाळंतिणीला बाजेवर झोपवायचे आणि खाली शेगडी ठेवायचे. ती बाजही सुंभाने विणलेली असे. वापराने ती सैल पडायची आणि पुन्हा ताणून घ्यावी लागायची. पण बाज उसवली असं मी कधी ऐकलेलं नाही.

इथपर्यंत सगळं आईंच्या बाजूने. आता स्वेटर घ्या.

जुना स्वेटर लहान झाला की आपल्या आया काय करायच्या? उसवायच्या. 'स्वेटर उसवून पुन्हा विणला' हे वाक्य आईंनीही हजारदा म्हटलं असेल, त्यांना विचारून पाहा. शेवटचा टाका सोडायचा आणि लोकर ओढत जायचं. अख्खी पाठ, अख्ख्या बाह्या मिटत जातात आणि हातात उरतो फक्त लोकरीचा गुंडा. ती लोकर वळणावळणाची झालेली असते, म्हणून खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून, ओली करून, वाळवून सरळ करायची. इथे शिवण नाही, मशीन नाही. आहे ती निव्वळ वीण, आणि ती उसवते. क्रोशाच्या रुमालाचंही तसंच.

घोळ आहे तो 'विणणे' या क्रियापदात. मागावर कापड विणायचं, दोन सुयांवर स्वेटर विणायचा, क्रोशाने झालर विणायची, बुरडाने टोपली विणायची आणि बाजही विणायची: सगळ्याला आपला शब्द एकच. लोकरीचं हे दोन सुयांवरचं काम आपल्याकडे इंग्रजी अमदानीत रुजलं. त्याला वेगळं नाव देण्याऐवजी मराठीने घरातलाच शब्द ताणून त्याच्यावर पांघरला. त्यामुळे 'वीण' म्हणताना डोळ्यासमोर माग आहे की सुया, ते वाक्यावरून कळत नाही. मागावरची वीण उसवत नाही. सुयांवरची उसवते, कारण तिथे एकच धागा घरात घर घालत गेलेला असतो आणि प्रत्येक घर पुढच्याच्या आधाराने उभं असतं.

तुम्ही जर्मनीला चालला आहात म्हणून सांगतो. जर्मनमध्ये मागावर विणणं ते 'वेबन' आणि सुयांवर विणणं ते 'श्ट्रिकन'. नावातच दोन कामं वेगळी. पण उसवायची वेळ आली की शिवणीलाही 'आउफट्रेनन' आणि स्वेटरलाही 'आउफट्रेनन'. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं. इतक्या लांबच्या भाषेनेही शिवण आणि सुयांवरची वीण एकाच क्रियापदाखाली आणली आहे. म्हणजे आपलं 'स्वेटर उसवला' हे कुणाच्या निष्काळजीपणातून आलेलं नाही. हाताला जे जाणवतं, त्यावरून ते आलेलं आहे.

आता अग्रलेखातलं वाक्य. 'समाजाची वीण' हा प्रयोग इंग्रजीतल्या 'सोशल फॅब्रिक'च्या सावलीत रुळला असावा, असं मला वाटतं. फॅब्रिक म्हणजे कापड, म्हणजे मागाचं चित्र. ते चित्र धरलं तर वीण विरली, विसविशीत झाली असं लिहायला हवं. आणि अर्थाच्या दृष्टीनेही अनेकदा तेच अचूक असतं. गावातली माणसं एकदम एकमेकांना तोडत नाहीत; येणं-जाणं कमी होतं, विचारपूस कमी होते, आणि एक दिवस उजेडाकडे धरलं की आरपार दिसतं. या हळूहळू झिजण्याला 'विरणे'इतका नेमका शब्द दुसरा नाही. तो लेखनातून मागे पडत चाललाय याची मला खरंच हळहळ वाटते. पण लेखकाच्या मनात सुयांवरची वीण असेल, एक टाका सुटला म्हणून पुढचे सगळे घरंगळत गेले असं त्याला म्हणायचं असेल, तर 'वीण उसवली' अगदी योग्य आहे. दंगलीनंतरच्या गावाबद्दल मी तेच लिहीन.

म्हणून मी या प्रयोगावर लाल रेघ मारणार नाही. मला खटकतं ते पुढचं. 'नात्यांची वीण उसवली, आता तिला ठिगळ लावणे गरजेचे आहे', असली वाक्यं सर्रास छापून येतात. उसवलेल्याला ठिगळ कशाला? टाके पुन्हा उचलायचे असतात. एकाच वाक्यात स्वेटर आणि फाटकं धोतर आलं की वाचणाऱ्याच्या मनात कुठलंच चित्र उभं राहत नाही. लिहिणाऱ्याने स्वतःला वडिलांचा प्रश्न विचारावा, एवढंच पुरेसं आहे.

एक पोटसूचना. 'विणीचा हंगाम' मधली वीण या कुटुंबातली नाही. ती प्रसवण्याची वीण. म्हैस व्याली, मांजर व्याली, त्या घराण्यातली. उच्चार सारखा, कूळ निराळं. बाळंतपणाच्या तयारीत या दोन विणी एका घरात आल्या आहेत म्हणून आठवलं.

रविवार पेठेतून आणलेल्या सामानाची यादी तुम्ही प्रश्नासोबत पाठवलीत, ती मी आनंदाने वाचली. फीत पोर्तुगिजांकडून आलेली, गोव्याच्या वाटेने; इस्त्रीही त्यांचीच. अस्तर फारसीतलं. रीळ इंग्रजीतलं. सुई मात्र संस्कृतातल्या सूचीची थेट नात. सामान कुठून कुठून आलं, पण कातणे, विणणे, शिवणे, उसवणे ही कामांची नावं आपण बदलली नाहीत.

दुपट्याचं थोडक्यात: दुपटं आणि दुपट्टा दोन्हींत 'दु' म्हणजे दोन. पण व्यवहारात ते फार लांब गेलेत. दुपट्टा खांद्यावर, दुपटं बाळाभोवती. आपलं दुपटं मऊ सुती कापडाच्या दोन पदरांचं असतं. गोधडीत त्याहून जास्त थर असतात आणि सगळ्या अंगभर धावदोरा असतो. तोच थरांना सरकू देत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी चांगली होते, पण विरलेलं लुगडं नेहमी आतल्या थरात घालावं, वर आणि खाली धडकं. आई हे जाणतच असतील. हेच काम बंगालमध्ये कांथा होतं, बिहारमध्ये सुजनी, गुजरातीत गोदडी, उत्तर कर्नाटकात कौदी. जर्मनीत लहान बाळाला झोपताना पांघरुणाऐवजी अंगात घालायच्या झोपपिशवीत ठेवायचा सल्ला देतात. तेव्हा बहिणीला आधीच सांगून ठेवा की गोधडी अंथरायला आहे, नाहीतर आई नाराज व्हायच्या. आणि 23 किलोच्या बॅगेत ती आधी भरा, मग बाकीचं. गोधडी वजनापेक्षा जागा जास्त खाते.

झबल्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शिंप्याच्या मुलाला राहवत नाही. शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्याकडे 'माया' म्हणतात. 'दोन्ही बाजूंना माया ठेवली आहे, पुढे उसवून सैल करता येईल', हे वाक्य ब्लाउज शिवून घेणाऱ्या प्रत्येकीने ऐकलेलं असतं. दुकानात मला हा शब्द इतका लहानपणी भेटला की त्याचा दुसरा अर्थ मी नंतर शिकलो. आईंना म्हणावं, झबल्यांना बगलेखाली दोन्हीकडे अर्धा इंच माया ठेवा. मुडपलेली कड बाळाच्या अंगाला टोचू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूला घेऊन वर फीत लावली तरी चालेल. त्या बाजूची टीप जरा लांब टाक्यांची ठेवा. तुम्ही दोघी परत आल्यावर बाळ दोन महिन्यांत अंगापिंडाने भरेल, तेव्हा बहिणीला तिथे एकटीला ती उसवायची आहे.