माणिक 'नॅचरल' होते, मग आत भरलेली काच कोणी सांगायची?

प्रश्न : २०२४ च्या धनत्रयोदशीला आम्ही पुण्यातल्या एका पेढीतून माझ्यासाठी माणकाची अंगठी घेतली. माणिक गुरुजींनी सांगितले होते, पेढीही त्यांनीच सुचवली. पावतीवर 'नॅचरल माणिक, ७ रत्ती, १,३५,०००' असे आहे. सोने, घडणावळ आणि कर धरून आणखी सुमारे ५०,००० झाले. घेण्याआधी मी व्हॉट्सॲपवर विचारले होते, 'खडा नैसर्गिक आहे ना? त्यावर काही प्रक्रिया केलेली नाही ना?' उत्तर आले, '१०० टक्के नॅचरल, सर्टिफिकेटसह.' गेल्या महिन्यात अंगठी घट्ट होऊ लागली म्हणून सांगलीतल्या आमच्या सोनारांकडे एक माप वाढवायला दिली. झाळ देऊन, तेजाबाच्या पाण्यात साफ केल्यावर खड्यावर पांढुरक्या रेषांचे जाळे उमटले. प्रयोगशाळेत दाखवले, तर 'माणिक, तडांमध्ये मोठ्या प्रमाणात शिसेयुक्त काच भरलेली' असा अहवाल आला. पेढी म्हणते, माणिक खरेच आहे, सोनाराने खराब केले. शिवाय 'प्रक्रियेची तपासणी केलेली नाही' असे सर्टिफिकेटच्या मागे छापलेले आहे. फार तर ४० टक्के कापून दुसरा खडा देऊ म्हणतात. पावतीवर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असे छापले आहे. पैसे परत मिळतील का? गुरुजींवर काही करता येते का? आणि मुलीसाठी पुष्कराज घ्यायचा आहे, तो घेताना काय पाहावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे परत मागण्याचा तुमचा हक्क पक्का आहे आणि पुरावाही चांगला आहे. मात्र तक्रार कशी मांडता यावर पुष्कळ अवलंबून आहे. 'आम्हाला खोटा खडा दिला' असे लिहून तुम्ही ग्राहक आयोगात गेलात, तर पेढीचा वकील तुमचाच अहवाल पुढे करील : 'बघा, यात माणिक असेच लिहिले आहे.' आणि ते खरे आहे. काच भरलेले माणिक हे माणिकच असते, फक्त अत्यंत हलक्या प्रतीचे, भेगांनी भरलेले. त्या भेगांत शिसेयुक्त काच वितळवून भरली की दगड पारदर्शक आणि लालभडक दिसू लागतो. असा माल बाजारात सर्रास येऊ लागला तो साधारण २००४ नंतर. तो विकणे गुन्हा नाही. न सांगता विकणे हा प्रश्न आहे, आणि तुमची सगळी केस त्या न सांगण्यावर उभी करायची.

म्हणून तो व्हॉट्सॲप संदेश पावतीइतकाच मोलाचा आहे. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. पहिल्याचे उत्तर मिळाले, दुसरा त्यांनी सोडून दिला. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ मध्ये, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणे ही फसवणूक धरली आहे. नुसते गप्प राहणे एरवी फसवणूक ठरत नाही, पण परिस्थितीनुसार बोलणे हे कर्तव्य असेल किंवा गप्प राहणे हेच बोलण्यासारखे असेल, तर ठरते. त्या कलमाखाली घोड्याच्या विक्रीचे उदाहरण दिले आहे. घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा निरोगी आहे असे मी धरून चालेन.' विकणारा गप्प बसतो. कायदा म्हणतो, हे गप्प बसणे म्हणजे बोलणेच. तुम्ही तर सरळ प्रश्न विचारला होता. तो संदेश पुसू नका, फोन बदलू नका, आणि पूर्ण संभाषणाची प्रत काढून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक बाबींत फार अडत नाहीत, तरी ते सुरुवातीलाच जोडलेले बरे.

सर्टिफिकेटमागच्या त्या बारीक ओळीचे काय? पेढी तिच्यावर भिस्त ठेवून आहे, पण मला ती ओळ उलट तुमच्याच उपयोगाची वाटते. माणकाच्या व्यवहारात प्रक्रिया ही सर्वांत आधी पाहायची गोष्ट. पुरेशा तापमानाला नुसते तापवून रंग सुधारलेले माणिक बाजारात रूढ आणि मान्य आहे, काच भरलेले मात्र त्याच्या कितीतरी पटींनी स्वस्त असते. काही शे किंवा काही हजार रुपये कॅरेटने ते मिळते. मग सव्वा लाखाहून महाग खडा विकताना, नेमकी हीच तपासणी वगळलेला कागद पेढीने का निवडला? हा प्रश्न तक्रारीत जसाच्या तसा विचारा. आणखी एक. करार कायद्याच्या कलम १९ मध्ये असा अपवाद आहे की साध्या काळजीने ज्याला सत्य कळले असते, त्याला केवळ मौनातून झालेल्या फसवणुकीचा आधार घेता येत नाही. पेढी त्यावर बोट ठेवील. त्याला उत्तर असे : भरलेली काच दहापट भिंगाखाली दिसते, खडा फिरवताना तडांमधून निळसर-जांभळी चमक आणि हवेचे चपटे बुडबुडे दिसतात. पण ते सरावलेल्या नजरेला. ती नजर पेढीवर बसणाऱ्याकडे असते. सांगलीहून आलेल्या गिऱ्हाइकाकडून तिची अपेक्षा कायदा करत नाही.

पेढीवाले किमतीवरूनही वाद घालतील. सर्टिफिकेटवर वजन ६.३५ कॅरेट असेल, म्हणजे तुम्ही कॅरेटला सुमारे २१,००० रुपये मोजलेत. सहा कॅरेटहून मोठे, चांगल्या रंगाचे, काही न केलेले माणिक या भावात मिळत नाही, तेव्हा 'किमतीवरूनच समजायला हवे होते' असे ते म्हणतील. पण हे ज्ञान त्यांना होते, म्हणूनच ते तुम्हाला सांगणे त्यांचे काम होते. वजनाबाबत मात्र वाद उकरू नका. रत्नांच्या बाजारात रत्ती साधारण १८२ मिलिग्रॅमची धरतात, सोनारांची जुनी गुंजेची रत्ती १२१ मिलिग्रॅमच्या आसपासची. सात रत्ती म्हणजे पहिल्या हिशेबाने ६.३७ कॅरेट, दुसऱ्याने सव्वाचारच. सर्टिफिकेटवर ६.३५ च्या आसपास असेल, तर वजन बाजारातल्या रत्तीशी जुळते. कायद्याने प्रमाण एकक कॅरेटच, म्हणजे २०० मिलिग्रॅम. पावतीवर नुसती रत्ती लिहिणे हा वैधमापनशास्त्र कायदा, २००९ चा भंग आहे. हा मुद्दा एका वाक्यात लिहावा, त्याला मुख्य तक्रार करू नये.

आता सोनार. पेढीचा खरा बचाव हाच आहे, म्हणून इथे सावध राहा. कोरंडम, म्हणजे माणिक आणि नीलम ज्या खनिजाचे असतात ते, उष्णतेला आणि आम्लाला चांगले टिकते. शिसेयुक्त काच टिकत नाही. झाळ देण्याची आच लागली की ती वितळू शकते, आणि तेजाब, इतकेच काय लिंबाचा रस जास्त वेळ राहिला, तरी तिच्यावर चरे पडतात. याचा अर्थ नुकसान सोनाराच्या हातून घडले, पण त्याचे कारण खड्यात आधीपासून होते. असा खडा विकताना 'आच दाखवू नका, आम्लात घालू नका' हे सांगणे भाग होते. तुमच्या सोनारांना प्रतिवादी करू नका. ते तुमचे साक्षीदार आहेत. त्यांनी नेमके काय केले, आधी खडा कसा दिसत होता, नंतर काय झाले, हे त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्रावर घ्या. खडा न काढता झाळ का दिली, असे त्यांना विचारले जाईल. त्याचेही प्रामाणिक उत्तर त्यात असू द्या. काही वकील अशा प्रकरणात 'उत्पादन दायित्वा'च्या, म्हणजे सदोष वस्तूने झालेल्या हानीच्या जबाबदारीच्या, तरतुदी लावू पाहतात. लावू नका, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये त्यासाठीच्या 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचे झालेले नुकसान वगळले आहे.

तुमचा आधार त्याच कायद्यातल्या कलम २(४७) मधील अनुचित व्यापारी प्रथेचा : मालाचा दर्जा, प्रत किंवा घडण याबद्दल खोटे भासवणे. त्याच कलमाच्या पुढच्या भागात, सदोष माल परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथा ठरवली आहे. पावतीवर मुदत नसेल, तर ती ३० दिवसांची. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही छापील ओळ या कलमापुढे टिकत नाही. जोडीला मालविक्री कायदा, १९३० चे कलम १५ : वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. 'फसवणूक' हा शब्द जपून वापरा. तो पानोपानी आला, की 'हा गुंतागुंतीचा प्रश्न दिवाणी न्यायालयात जाऊ द्या' अशी हरकत हमखास येते. एक प्रश्न, त्याचे अर्धे उत्तर आणि दडवलेली वस्तुस्थिती, एवढे साधे चित्र आयोगापुढे राहिले पाहिजे.

आधी पेढीला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. खड्याचे १,३५,०००, वाया गेलेली घडणावळ, प्रयोगशाळेचे शुल्क, आणि मनस्तापासाठी झेपेल एवढी वाजवी रक्कम मागा. १५ दिवस द्या. सोने तुमच्याकडेच राहणार असेल, तर त्याची किंमत मागू नका. अवाच्या सवा आकडा टाकला की चांगली तक्रारही हलकी वाटते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, नोंद केली तर काही पेढ्या तिथेच तडजोडीला येतात. न आल्यास तक्रार सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात करा. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या ठिकाणी दाद मागता येते, पावतीवर 'पुणे न्यायक्षेत्र' छापलेले असले तरी. मोबदला, म्हणजे तुम्ही मोजलेली किंमत, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि वकील नेमलाच पाहिजे असेही नाही, पण तुमच्या प्रकरणात साक्षी-पुरावा असल्याने मी नेमण्याचा सल्ला देईन. मुदत दोन वर्षांची. खडा काचभरला असल्याचे तुम्हाला आता कळले, म्हणून मुदत आतापासून मोजावी असा युक्तिवाद करता येतो. पण त्या युक्तिवादावर विसंबू नका, खरेदीच्या तारखेपासूनच धरून ऑक्टोबर २०२६ च्या आत दाखल करा.

अंगठी आहे तशी ठेवा. खडा कोंदणातून काढू नका, पॉलिश करू नका, कोणी 'पुन्हा भरून देतो' म्हटले तरी हात लावू देऊ नका. एकदा खडा सुटा झाला की 'हा आमचा नव्हेच' म्हणायला पेढी मोकळी होते. सर्व बाजूंनी फोटो काढून पाकीट बंद करा. तक्रारीसोबत ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८(२) खाली अर्ज द्या, म्हणजे आयोग खडा स्वतः सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवील. शुल्क तुम्हाला भरावे लागते, अहवालाला कायद्याने ४५ दिवस आहेत. चाचणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ अधिक लागतो, तेवढी तयारी ठेवा. ४० टक्के कापून मिळणारा दुसरा खडा मात्र घेऊ नका. त्या बदलीच्या कागदावर 'पूर्ण समाधान झाले' अशी सही घेतली, की तक्रारीचा पाया गेला. तडजोड करायचीच तर पैशांत, आणि आयोगापुढच्या मध्यस्थीत, लेखी.

गुरुजींबद्दल. माणिक 'लाभले' की नाही, हा प्रश्न कोणताही आयोग ऐकणार नाही. तक्रारीत त्याचा उल्लेखही नको. गुरुजींनी पेढीकडून दलाली घेतल्याचा पुरावा असेल, किंवा 'खडा मी पाहिला आहे, अस्सल आहे' असे त्यांनी लेखी कळवले असेल, तरच त्यांना प्रतिवादी करण्यात अर्थ आहे. नुसत्या संशयावर ओढलेत, तर पेढीवरचे लक्ष उडेल. पोलीस तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली करता येते, कारण खरेदी १ जुलै २०२४ नंतरची आहे. पण तिथे सुरुवातीपासूनची अप्रामाणिक नियत सिद्ध करावी लागते आणि ठाण्यात बहुधा 'हा दिवाणी मामला' असे ऐकावे लागेल. याच पेढीकडून असेच खडे घेतलेले आणखी कोणी पुढे आले, तर तो मार्ग धरा.

पुष्कराजाबाबत तुमची काळजी मला समजते. एकदा पोळल्यावर माणूस दुधात खडा टाकून रंग बघ, श्वास मारून वाफ बघ, काचेवर ओरखडा काढ, असे उपाय करू लागतो. यातले काही उपयोगाचे नाही. पुष्कराज म्हणजे पिवळे सॅफायर, तेही कोरंडमच. कारखान्यातले कोरंडम १९०२ पासून बनते आहे आणि ते खाणीतल्या खड्याइतकेच कठीण असते, काच तेही कापते. हॉलमार्कही खड्याबद्दल काही बोलत नाही, तो फक्त धातूच्या शुद्धतेचा. खडा सुटा असतानाच, दागिन्यात बसवण्याआधी, तुम्ही निवडलेल्या प्रयोगशाळेत पाठवा : मुंबईतले जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) किंवा जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, किंवा एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेली दुसरी. अहवाल हातात आला की प्रक्रियेची ओळ आधी वाचा आणि अहवालाचा क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. पुष्कराजात बेरिलियम घालून रंग आणलेले खडे येतात, ते साध्या भिंगाने ओळखता येत नाहीत; पुष्कराजाच्या नावाने 'सुनेला' नावाचा स्वस्त पिवळा खडा, म्हणजे सिट्रीन, हाही खपवला जातो. अहवाल किंमत सांगत नाही, त्यामुळे त्याच प्रतीच्या आणि त्याच वजनाच्या खड्याचा भाव निदान दोन पेढ्यांत विचारा. कोणी 'सर्टिफाइड किंमत' छापलेले कार्ड पुढे केले, तर त्यावर विसंबू नका.

आणि पैसे देण्याआधी पावतीवर पेढीच्या सही-शिक्क्यासह एवढे लिहून घ्या : 'नैसर्गिक पिवळे सॅफायर, वजन अमुक कॅरेट, प्रक्रिया अमुक किंवा नाही, अहवाल क्रमांक अमुक, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत याहून वेगळे आढळल्यास पूर्ण रक्कम परत.' लिहून द्यायला जी पेढी कां कूं करील, तिच्याकडून खडा घेऊ नका.