गोळीवरचा आकडा आणि रोजची गरज

प्रश्न : माझं वय ४२. कॅल्शियमच्या गोळीवर १२५० मि.ग्रॅ. छापलंय, पण रोजची गरज १००० वाचली. जास्त होतंय का? लोहाची गोळीही मी सकाळी चहासोबत हिच्याबरोबरच घेते.

उत्तर : जास्त होत नाही. १२५० हे कॅल्शियम कार्बोनेटचं वजन आहे. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे ५०० मि.ग्रॅ. पाकिटावर बारीक अक्षरात हा आकडा असतो, तोच धरायचा. उरलेलं जेवणातून येऊ द्या : कपभर (२०० मि.ली.) दुधातून सुमारे २४० आणि ४० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून १४० मि.ग्रॅ. मिळतं.

खरी चूक वेळेची आहे. कॅल्शियम लोहाचं शोषण रोखतं, चहातलं टॅनिनही तेच करतं. लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि नंतर तासभर तरी चहा नको. पोटात मळमळलं तर थोडं खाऊन घ्या. कॅल्शियम कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून ती गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीनुसार तुमच्या वयाच्या स्त्रीला दिवसाला २९ मि.ग्रॅ. लोह लागतं, पुरुषाला १९. मात्र हा आकडा निरोगी माणसांसाठी आहे. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टर याहून बरंच जास्त लोह देतात. तो डोस स्वतःहून कमी करू नका.