रोज एक नवी ओरिगामी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

रोज कागदाची एक नवी आकृती करायची, हा छंद आता बऱ्याच घरांत पोचला आहे. अनिल अवचटांमुळे ओरिगामी मराठी वाचकाला तशी जुन्या ओळखीची. वाचकांचे प्रश्न मात्र घडी घालताना प्रत्यक्ष अडतं तिथलेच आहेत. त्यांतले काही इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : महिनाभर रोज नवी आकृती करते आहे. आज ससा, उद्या गुलाब, परवा ड्रॅगन. आकृत्यांची संख्या वाढली, पण हात बसला नाही. साध्या आकृत्याही तिरक्या होतात. काय बदलू? (नाशिक)

आकृती रोज नवी असू द्या, पण पाया आठवडाभर एकच ठेवा. ओरिगामीतल्या बहुतेक पारंपरिक आकृत्या मोजक्या पायांवर, म्हणजे बेसवर उभ्या असतात. ससा, गुलाब आणि ड्रॅगन यांत एकही अवघड घडी सामाईक नसेल, तर सोमवारी शिकलेलं मंगळवारी कामाला येत नाही. प्रत्येक दिवस पहिलाच ठरतो.

आम्ही सुचवतो तो क्रम असा. पहिला आठवडा काइट बेस : हंस, देवमासा. दुसरा विंडमिल बेस : भिरभिरे हे त्याचं सर्वांत ओळखीचं रूप. तिसरा वॉटरबॉम्ब बेस : फुंकून फुगवायचा चेंडू, ट्युलिप. चौथा प्रिलिमिनरी बेस : चांदणीच्या आकाराचा डबा. त्यानंतर बर्ड बेस : क्रौंच पक्षी, शेपटी ओढली की पंख हलवणारा पक्षी. फ्रॉग बेस शेवटी. बर्ड बेसमधली पाकळीसारखी वर उचलायची घडी, म्हणजे पेटल फोल्ड, फ्रॉग बेसमध्ये चारही बाजूंना करावी लागते आणि त्याआधी चार पाती उघडून दाबावी लागतात. बर्ड बेस पक्का नसताना बेडूक करायला बसलं की तो तिसऱ्या पातीवरच बिघडतो.

आठवड्याच्या पहिल्या दिवशी आकृती करूच नका. नुसता पाया तीन वेळा घाला : एकदा कृती बघत, एकदा न बघता, एकदा उलगडून घड्यांच्या खुणा तपासत. मधले पाच दिवस पाच आकृत्या. सातव्या दिवशी त्यांतली सर्वांत अवघड आकृती निम्म्या मापाच्या कागदावर पुन्हा करा. १५ सेंमीवर लपलेली चूक साडेसात सेंमीवर लगेच उघडी पडते. पहिल्या आणि सातव्या दिवशी 'नवी' आकृती झाली नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका, हात त्याच दिवसांत तयार होतो.

प्रश्न : रोजच्या रोज जपानी कागद परवडत नाही. कोणता कागद वापरावा? ए-फोर चालेल का? (पुणे, ठाणे, बेळगाव)

चालेल, आणि सरावाला तोच उत्तम. ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) झेरॉक्सचा कागद घडी नीट धरतो आणि चूक लपवत नाही. त्याची मर्यादा जाडीची आहे. एकावर एक आठ-दहा थर आले की टोक बोथट होतं. त्यामुळे वॉटरबॉम्ब आणि प्रिलिमिनरी बेसपर्यंत ए-फोर, पुढे पातळ कागद.

ए-फोरचं माप २१ × २९.७ सेंमी. एकच मोठा चौरस हवा असेल तर २१ सेंमीचा निघतो आणि ८.७ सेंमी रुंदीची पट्टी उरते. तिच्यातून ८.७ सेंमीचे दोन छोटे चौरस मिळतात. रोजच्या कामाला मात्र कागद आधी मधोमध कापा. १४.८ × २१ सेंमीचे दोन तुकडे होतील आणि प्रत्येकातून १४.८ सेंमीचा चौरस निघेल. जपानी कागदाचं नेहमीचं माप १५ सेंमी असल्यामुळे कृतीत दिलेली मापं जवळजवळ तशीच लागू होतात.

कोपरा तिरका दुमडून उरलेली पट्टी हाताने फाडणं टाळा. फाडलेली कड तंतुमय होते आणि तिच्यावर दुसरी कड नेमकी बसत नाही. स्टीलची पट्टी, गुण्या आणि कटर वापरा. कापून झाल्यावर चौरस दोन्ही कर्णांवर हलकेच दुमडून बघा. कोपऱ्यावर कोपरा बसला नाही तर तो कागद बाजूला ठेवा. १ मिमीची चूक १५ सेंमीच्या कागदावर नजरेत भरत नाही. पुढे भाग अरुंद होत जातो, चूक मात्र तेवढीच राहते, आणि काही मिलिमीटर रुंदीच्या मानेवर ती ठळक दिसते.

घोटीव कागद दिसायला सुंदर असतो, पण घडीवर रंग फुटून पांढरी रेघ उमटते. एकच घडी पुन्हा पुन्हा उलटवावी लागेल अशा आकृतीला तो घेऊ नका. भिरभिरे आणि डबे यांना चालतो. घडी दाबायला बोन फोल्डर नसेल तर आइसक्रीमची लाकडी काडी पुरते. चमच्याच्या पाठीने दाबायचं असेल तर मध्ये साधा कागद धरा, नाहीतर रंगीत कागदावर चकाकीचा पट्टा उठतो.

प्रश्न : क्रौंच पक्ष्याची मान आणि शेपटी जाड, वाकडी होते. चोचीचं टोक फाटतं. (डोंबिवली)

दोष मानेत दिसतो, पण त्याची सुरुवात बऱ्याच आधी झालेली असते.

प्रिलिमिनरी बेस झाल्यावर त्याचं उघडं टोक आपल्याकडे ठेवा. खालच्या दोन्ही कडा मध्यरेषेवर आणताना त्या रेषेला टेकवू नका, दोन्ही बाजूंना केसभर, साधारण अर्धा मिलिमीटर जागा सोडा. कागदाला जाडी असते. कडा रेषेवर चिकटून आल्या तर पुढच्या घडीत त्या एकमेकींवर चढतात आणि टोक एका बाजूला सरकतं. मग वरचा त्रिकोण खाली दुमडून खूण करा आणि सगळं उघडा. आता कडेच्या दोन्ही घड्या पुढे आणि मागे, दोन्ही दिशांना एकेकदा वळवून घ्या. हे केलं नाही तर वरचा थर उचलताना कागद स्वतःची वाट शोधतो आणि पाकळीच्या बुडाशी सुरकुती पडते. पाकळी उचलताना बिजागरीची आडवी घडी आधी हलकी ठेवा. दोन्ही कडा आत येऊन टोक सरळ दिसलं की मगच नखाने दाबा.

बर्ड बेस झाल्यावर खालचे दोन पाय पुन्हा अरुंद करायचे असतात. इथे जागा थोडी जास्त, जवळपास १ मिलिमीटर सोडा, कारण थर वाढलेले असतात. मान आणि शेपटी वर नेताना फक्त टोक धरून ओढू नका. पाय थोडा उघडा, मधली घडी उलटी करा, टोक दोन थरांच्या मधून वर घ्या आणि हवा तो कोन मिळाला की बुडाशी दाबा. टोक फाटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे चोच करताना एकाच जागी चार-पाचदा घडी बदलणं. चोचीची घडी आधी बाहेरून एकदाच घालून खूण करा, मग आत उलटवा.

प्रश्न : पावसाळ्यात आकृत्या आपोआप उघडतात. नीट कापून ठेवलेले चौरसही बसत नाहीत. (रत्नागिरी)

कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेला असतात. दमट हवेत कागद त्या दिशेला फारसा वाढत नाही, आडव्या दिशेला जास्त वाढतो. त्यामुळे एप्रिलमध्ये कापलेला चौरस जुलैत अगदी किंचित आयत होतो. उपाय दोन : पावसाळ्यात लागेल तेवढाच कागद त्या दिवशी कापायचा, किंवा कापलेले चौरस सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे.

तंतूंची दिशा ओळखायला चौरस दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा, घडी घालू नका. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकाची रेषा तंतूंना समांतर असते. जी मुख्य घडी मिटलेली राहायला हवी ती शक्यतो तंतूंना समांतर येऊ द्या.

झालेल्या आकृत्या सपाट होत असतील तर कोरड्या दिवशी जाड पुस्तकाखाली दिवसभर दाबून ठेवा. उभ्या आकृतीला आतल्या, न दिसणाऱ्या थरात पांढऱ्या गोंदाचा एक ठिपका पुरे. खळ वापरू नका. खळीतल्या पिठावर कसर येते आणि दमटपणात बुरशीही.

प्रश्न : कागदाचे तीन समान भाग पट्टीशिवाय कसे पाडायचे? (नागपूर)

काझुओ हागा यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरा. वरच्या कडेचा मध्य नखाने खूण करून घ्या, पूर्ण घडी नको. आता खालचा उजवा कोपरा त्या खुणेवर नेमका आणून घडी घाला. दुमडलेली तळाची कड डाव्या कडेला जिथे ओलांडते, तिथे खूण करा. ती खूण डाव्या कडेवर तळापासून बरोबर एक-तृतीयांश उंचीवर असते. उघडा आणि तळाची कड त्या खुणेवर न आणता, खुणेतून जाणारी आडवी घडी घाला. नंतर वरची कड त्या घडीवर आणली की तीन भाग तयार. ही पद्धत गणिताने अचूक आहे. चूक आली तर चौरस तपासा.

प्रश्न : कृतीची चित्रं जमतात. पण नुसता घड्यांचा नकाशा, म्हणजे क्रीज पॅटर्न, दिला की काही कळत नाही. (छत्रपती संभाजीनगर)

कृतीच्या चित्रांतल्या तुटक रेषा आणि बाण ही जपानी ओरिगामी कलाकार अकिरा योशिझावा यांची देणगी. त्यांनी १९५४च्या पुस्तकात त्या वापरल्या आणि पुढे सॅम्युअल रँडलेट व रॉबर्ट हार्बिन यांनी त्यांत भर घातली. क्रीज पॅटर्नमध्ये क्रम नसतो, फक्त शेवटच्या स्थितीतल्या घड्या असतात. म्हणून तो पायरीपायरीने वाचता येत नाही.

सुरुवात ओळखीच्या पायापासून करा. प्रिलिमिनरी बेस सपाट दाबा, उलगडा आणि मधला बिंदू बघा. तिथे सहा घड्या प्रत्यक्ष वापरात असतात. बाजूंच्या मध्यांकडे जाणाऱ्या चार एका जातीच्या आणि एका कर्णाच्या दोन दुसऱ्या जातीच्या. रंगीत बाजू वर धरली तर त्या चार डोंगरघड्या, म्हणजे वर उठलेल्या, आणि कर्णाच्या दोन दरीघड्या, म्हणजे आत खचलेल्या. फरक दोनचा. सपाट मिटणाऱ्या कोणत्याही आकृतीत, कागदाच्या आतल्या प्रत्येक बिंदूवर हा फरक दोनच असतो. याला माएकावाचा नियम म्हणतात. नकाशातला एखादा बिंदू मिटत नसेल तर तिथल्या डोंगरघड्या आणि दरीघड्या मोजा. तीन-तीन आल्या तर एक घडी उलटी पडली आहे. रोज एका ओळखीच्या आकृतीचा कागद उलगडून असे बिंदू मोजलेत, तर नकाशे वाचता येऊ लागतील.

प्रश्न : कामाच्या दिवसांत जेमतेम पाच मिनिटं मिळतात. साखळी तुटते. (दुबई)

त्या दिवसांसाठी सोनोबे घटक ठेवा. मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाचा हा साधा तुकडा आहे. गोंदाशिवाय, एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात घालून तो जोडला जातो. ६ घटकांचा घन, १२ घटकांचा आठ सुळके असलेला तारा, ३० घटकांचा वीस सुळक्यांचा गोल. १५ सेंमीच्या एका कागदाचे साडेसात सेंमीचे चार चौरस होतात, म्हणजे ३० घटकांना ८ कागद पुरतात आणि दोन चौरस हाताशी उरतात. रोज एक घटक केला की महिन्याअखेरीस जोडणी. घनासाठी एका ए-फोरमधून ९.९ सेंमीचे सहा चौरस निघतात : लांबीचे तीन भाग, रुंदीचे दोन, आणि प्रत्येक तुकड्याचे रुंदीकडचे ६ मिलिमीटर कापून टाका.

इथे बिघडतं ते एकाच कारणाने : काही घटक उजवे आणि काही डावे होतात. पहिल्या घटकात कोणते दोन कोपरे दुमडले ते लक्षात ठेवा, किंवा तो घटक नमुना म्हणून समोरच ठेवा. आरशातल्यासारखा उलटा झालेला घटक बाकीच्यांच्या खिशात बसत नाही, कितीही ढकललं तरी. ३० घटकांच्या जोडणीत तीन घटकांचा एक सुळका होतो आणि खोलगट बाजूंनी बघितलं तर पाच सुळके एका बिंदूभोवती येतात. कुठे चार किंवा सहा आले तर लगेच थांबा आणि तेवढं सोडवा, पुढे जोडत गेलात तर गोल बंद होणार नाही.

प्रश्न : फोटो टाकताना मूळ रचनाकाराचं नाव द्यायलाच हवं का? (सांगली)

हो. क्रौंच, होडी, बेडूक या परंपरेतल्या आकृत्या, त्यांना 'पारंपरिक' लिहावं. बाकी प्रत्येक रचनेला कर्ता असतो. 'रचना : अमुक, घडी : मी' एवढं पुरे. कृतीच्या पानांचे फोटो मात्र टाकू नका.

प्रश्न : योशिझावांसारखे गोलसर, मऊ प्राणी कसे होतात? ओल्या घडीला हातकागद चालेल का? (कोल्हापूर)

ओल्या घडीला, म्हणजे कागद ओलसर करून घालायच्या घडीला, जाड आणि चिकीचा कागद लागतो, साधारण १२० जीएसएमच्या पुढचा. चिक म्हणजे कागद करताना तंतूंना दिलेला खळीसारखा बंध. पाण्याने तो सैल होतो आणि वाळताना आकार धरून घट्ट होतो. हातकागदावर एक थेंब पाणी टाकून बघा. थेंब वर टिकला तर कागद योग्य, टिपकागदासारखा लगेच शोषला तर त्यात चिक नाही. असा कागद वाळल्यावरही लुळाच राहील.

ओल्या स्पंजने दोन्ही बाजू पुसा. कागद हाताला गार लागावा, पण पृष्ठभागावर पाण्याची चकाकी दिसू नये. चकाकी दिसली तर दोन मिनिटं थांबा. चौरस ओला झाल्यावर तपासा, कोरडा असताना नव्हे, कारण ओला कागद वाढतो. घड्या धारदार दाबू नका. जिथे अनेक घड्या एका बिंदूत मिळतात तिथे ओला कागद सर्वांत आधी फाटतो. त्या जागा कोरड्या राहू द्या, किंवा आधीच मागून पातळ कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा. पाठीचा गोलावा अंगठ्याने आतून द्या, पाय चिमट्यांनी धरा आणि आकृती पंख्यापासून दूर रात्रभर वाळू द्या. जोराच्या वाऱ्यात एक बाजू आधी वाळते आणि प्राणी तिकडे कलतो. सुरुवातीला २० ते २५ सेंमीचा चौरस आणि हत्तीसारखी कमी टोकांची आकृती घ्या.