सल्ल्याचा प्रयोग: शेतकरी वाटायचे की गावं?

यवतमाळ जिल्ह्यात बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यांचा (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या सापळ्यांचा) सल्ला फोनवर दिला, तर कापूस उत्पादक ते लावतात का, हे तपासायचंय. त्यासाठी एकाच गावातले निम्मे शेतकरी सल्ल्याच्या गटात आणि निम्मे तुलनेच्या गटात, असं केलं तर चालेल का, हा तुमचा प्रश्न.

नाही चालणार. सकाळी एकाला आलेला सल्ला संध्याकाळी पानठेल्यावर सगळ्यांना कळतो. मग तुलनेचा गटही सापळे लावतो आणि परिणाम असूनही दिसत नाही. म्हणून चिठ्ठ्या गावांच्या टाका. ओलिताची आणि कोरडवाहू गावं आधी वेगळी करून दोन्हींत स्वतंत्र सोडत काढा. पहिली पाहणी पेरणीआधी, सोडत त्यानंतरच.

याची किंमत मात्र मोठी आहे. एका गावातले लोक बरंचसं सारखंच वागतात. ४० गावांतून प्रत्येकी २० म्हणजे ८०० शेतकरी घेतले आणि गावांतर्गत सहसंबंध (एका गावातले लोक किती सारखे वागतात याचं माप) ०.०५ निघाला, तर ८०० ला भागायचा आकडा १ + (२० − १) × ०.०५ = १.९५. म्हणजे ८०० जणांकडून माहिती मिळते ती जेमतेम ४१० जणांएवढी. तेव्हा पैसे असतील तर गावं वाढवा. गावातली माणसं वाढवून फार काही हाती लागत नाही.

आणि ‘सापळे लावले का?’ असं विचारून थांबू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. शिवारात जाऊन मोजा: किडीवर नजर ठेवण्यासाठी शिफारस हेक्टरी ५ सापळ्यांची आहे. मोजणाऱ्याला गाव कोणत्या गटातलं हे कळता कामा नये.