वाचकांचे प्रश्न : मास्क ऐच्छिक, पण कोणाच्या इच्छेने?

(जून २०२२)

प्रश्न : माझ्या वडिलांचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले असून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे त्यांना कायम घ्यावी लागतात. तपासणीसाठी दर महिन्याला आम्ही लोकलने जातो. दवाखान्यात शेजारी बसून खोकणाऱ्या माणसाला मास्क लावण्याची विनंती केली, की ‘आता सरकारनेच काढलाय’ असे उत्तर मिळते. या महिन्यात मात्र मास्क पुन्हा बंधनकारक झाल्याची बातमी आली आणि लगेच तो ऐच्छिकच असल्याचेही वाचले. यातले खरे काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आज तरी महाराष्ट्रात मास्क न लावल्याबद्दल सरकार कोणालाही दंड करू शकत नाही. साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७ आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ यांखाली करोना साथीत लागू केलेले निर्बंध मागे घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ३१ मार्चला घेतला आणि २ एप्रिलपासून, म्हणजे गुढीपाडव्यापासून, तो अमलात आला. मुंबईत महापालिका घेत असलेला २०० रुपयांचा दंडही त्याच सुमारास थांबला. त्यानंतर रुग्ण वाढू लागल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आरोग्य विभागाच्या अपर मुख्य सचिवांनी जिल्हा व महापालिका प्रशासनांना पत्र पाठवले. रेल्वे, बस, चित्रपटगृहे, कार्यालये, रुग्णालये, शाळा अशा बंदिस्त सार्वजनिक ठिकाणी मास्क ‘मस्ट’ असल्याचे त्यात इंग्रजीत लिहिले होते. तेव्हा आरोग्यमंत्री राजेश टोपे यांना ‘मस्ट’ म्हणजे सक्ती नव्हे, ते आवाहन आहे, असा खुलासा करावा लागला. ‘मस्ट’चा असा अर्थ शाळेत कोणी शिकवला नव्हता, हे खरे! पण कायद्याच्या दृष्टीने मंत्र्यांचे म्हणणे बरोबर आहे, कारण दंडाचा आधार असलेले आदेशच उरले नसताना केवळ पत्रातल्या एका शब्दाने सक्ती परत येत नाही. सक्तीच हवी असेल, तर तसा आदेश काढावा लागतो. दिल्लीने मार्चअखेरीस दंड रद्द केला आणि रुग्ण वाढताच एप्रिलमध्ये ५०० रुपयांचा दंड रीतसर आदेश काढून पुन्हा लागू केला. धोरण पटो वा न पटो, निदान नागरिकाला आपण कुठे उभे आहोत ते कळले.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे वळतो. दंड गेला, हे माझ्या मते योग्यच झाले, कारण हनुवटीवर लोंबणारा आणि दंड घेणारा पालिकेचा मार्शल दिसताच नाकावर चढणारा मास्क दोनशे रुपये वाचवण्यापलीकडे फारसे काही करत नव्हता. मात्र ‘ऐच्छिक’ हा शब्द हेल्मेटला जसा लागू पडतो तसा मास्कला पडत नाही. खोकणाऱ्याच्या तोंडातून निघणारे थेंब त्याच्याच मास्कवर अडले तर ते हवेत पसरून, सुकून, बारीक कण होऊन तरंगत राहण्यापूर्वीच संपतात, आणि त्याचा लाभ शेजाऱ्याला होतो. म्हणजे इच्छा एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, असा हा व्यवहार आहे. म्हणून सक्ती उठवताना रुग्णालये आणि दवाखाने तरी त्या सवलतीतून वगळायला हवे होते, असे मला वाटते. ते झाले नाही, तरी आपल्या दवाखान्यात मास्कची अट ठेवण्यास डॉक्टरांना कोणाचीही मनाई नाही. पाडव्यानंतर अनेक ठिकाणी ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’ ही पाटी उतरली आणि भिंतीवर खिळा तेवढा राहिला. ती पुन्हा लावा, असे तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा. रुग्णाच्या मुलाने शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा स्वागतकक्षातल्या मदतनिसाने मास्क हातात दिलेला लोक सहज लावतात.

इतरांनी मास्क लावला नाही तरी वडिलांनी नीट बसणारा एन-९५ वापरावा. कापडी मास्कवर विसंबू नये. एन-९५ च्या मधल्या थरातील तंतूंवर विद्युतभार असतो आणि बारीक कण त्याला चिकटतात. साबणाच्या पाण्यात धुतल्यास हा भार जातो आणि वरून धडधाकट दिसणारा मास्क निकामी होतो. चश्म्यावर वाफ धरत असेल, तर नाकाच्या बाजूने हवा निसटते आहे असे समजून वरची पट्टी दाबून बसवावी. दाढी असल्यास कडेला फट राहते. झडप असलेला मास्क घेऊ नये. तो आत येणारी हवा गाळतो, पण बाहेर जाणारी तशीच सोडतो, आणि केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्येच याबाबत राज्यांना सावध केले होते. लोकलला गर्दीची वेळ टाळता आली, तर तपासणीची वेळ दुपारची मागून घ्यावी.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेने सूचनाफलकावर ‘लिफ्टमध्ये मास्क नसल्यास ५०० रुपये दंड’ असे अजूनही लिहून ठेवले आहे. तो भरावा लागेल का? – एक सभासद, डोंबिवली

उत्तर : सरकारी आदेशाच्या जोरावर नाही, कारण तो आदेश आता नाही. संस्थेला स्वतःच्या अधिकारात दंड लावायचा असेल, तर तो उपविधींच्या, म्हणजे संस्थेच्या नियमावलीच्या, चौकटीत, सर्वसाधारण सभेच्या मान्यतेने आणि सभासदाला आपले म्हणणे मांडू देऊनच लावता येतो; सचिवांनी फलकावर खडूने लिहिले म्हणून तो लागू होत नाही. विनंती मात्र संस्था अवश्य करू शकते. दंडाची मागणी झालीच, तर सभेच्या ठरावाची प्रत लेखी मागा आणि तुमच्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.