गल्लीची वही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गल्ल्यावर बसायला लागलास आणि बाजारात आग लागली तर धावून जायचं मनात घेतलंस, हे कळलं. छान. पण आपल्या ठाण्यात जांभळी नाक्याजवळ जवाहरबागचं अग्निशमन केंद्र आहे आणि नळी धरायला तिथे शिकलेली माणसं आहेत. त्यांना ठाऊक नसतं ते तुला ठाऊक असतं. कुठल्या माळ्यावर काय कोंबलंय, कुठल्या शटरची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, कोणाच्या दुकानात रात्री पोरं झोपतात. व्यापारी म्हणून तू उपयोगी पडशील तो इथेच.

म्हणून आधी एक वही कर. उधारीची लांबट असते तशीच. मोबाईलवर नको, तू गावाला गेलेला असताना ती शेजाऱ्याच्या हाती लागली पाहिजे. एका दुकानाला एक पान. ते असं काहीसं दिसेल: ‘डावीकडून चौथा गाळा. कटलरी, प्लास्टिक. माळ्यावर थर्माकोल आणि कागदी पेले. मागे दार नाही. मीटर जिन्याखाली, उजवीकडून दुसरा. दुसरी किल्ली समोरच्या फरसाणवाल्याकडे. आत एक कामगार झोपतो, कुलूप बाहेरून.’ शेवटचं वाक्य लाल शाईने लिही आणि त्याच दिवशी मालकाशी बोल. किल्ली आतल्या माणसाकडे असलीच पाहिजे. यात भीड ठेवू नकोस.

दिवाळीआधी आणि लग्नसराईआधी वही पुन्हा फिरव, कारण माल बदलतो. काय कशाशेजारी ठेवलंय तेही बघ. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत जे जहाज उडालं त्यात कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलपासून पाळतात तो त्यामुळे. आपल्या माळ्यांवर तोच प्रकार लहान आकारात असतो: चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून थिनरचे डबे आणि स्प्रेचे कॅन.

आग लागली की सगळे ‘शॉर्टसर्किट’ म्हणून मोकळे होतात. बऱ्याचदा सुरुवात सैल स्क्रूपासून होते. सॉकेटमधली तार ढिली झाली की तिथे उष्णता साठत जाते, आणि करंट मर्यादेतच असल्यामुळे एमसीबी, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच, पडत नाही. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, बोर्डाला जळका वास येतो का, एवढं महिन्यातून एकदा बघ. एसी एक्स्टेन्शन बोर्डावर नको. दिव्याखाली दीड फूट मोकळं ठेव. गठ्ठे दिव्याला टेकवायची आपल्याकडे वाईट सवय आहे.

आता आग विझवायचा सिलिंडर. ६ किलोचा एबीसी (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणाऱ्या) पावडरचा घेशील तर तो पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, हे आधीच मनात पक्कं कर. दार पाठीशी ठेवून आठ-दहा फुटांवर उभं राहायचं, पिन काढायची, ज्वाळांच्या बुडाशी नेम धरायचा आणि झाडू मारल्यासारखं डावी-उजवीकडे फिरवायचं. पावडर ज्वाळा विझवते, माल थंड करत नाही. कापडाचा तागा विझला असं वाटतं आणि थोड्या वेळाने आतून पुन्हा धुमसतो. म्हणून वीज बंद आहे याची खात्री करून तागे सुटे करायचे आणि पाणी मारायचं. एकदा दांडा दाबला की सिलिंडर पुन्हा भरूनच आणायचा, थोडा वापरला असला तरी. झडपेत पावडर अडकते आणि हवा हळूहळू निघून जाते.

देखभालीचं स्टिकर बघून समाधान मानू नकोस. नवं स्टिकर आणि आत जुनीच पावडर, हेही चालतं. पावडरवाल्याचा दाब दाखवणारा काटा हिरव्यात हवा. कार्बन डायऑक्साईडवाल्याला काटाच नसतो, तो वजनावर तपासायचा. आतल्या गॅसचं वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर परत भरायचा. तराजू तुझ्या दुकानात आहेच. ज्या इमारतीत अग्निसुरक्षेची यंत्रणा बसवलेली आहे तिथे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचा ‘नमुना ब’, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. सोसायटीच्या फायलीत तो आहे का, विचार.

फोन १०१ ला. ‘बाजारात आग लागलीय’ असं सांगून काही कळत नाही. जवळची खूण, काय जळतंय, कितवा मजला, आत कोणी आहे का आणि गाडी कुठून शिरेल, या क्रमाने सांग. समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. मग एकाला टॉर्च देऊन नाक्यावर उभा कर, दोघांना हातगाड्या आणि दुचाक्या हलवायला लाव. गाडीला निदान बारा फूट रस्ता लागतो, आणि वर बांधलेल्या ताडपत्रीच्या दोऱ्यांचा विचार कोणी केलेला नसतो.

बंद शटरमधून धूर आत-बाहेर ओढल्यासारखा होत असेल तर शटर उचलू नकोस, इतरांनाही उचलू देऊ नकोस. आत हवेवाचून दबलेली आग असते. शटर उघडलं की ती भडकून अंगावर येते. मीटरवरून वीज तोड, वही घेऊन जवानांसाठी थांब. त्या वेळी अंगावर सुती कपडे असू देत. सिंथेटिक शर्ट वितळून कातडीला चिकटतो. कोणी भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नाही. अशा कामाचं रीतसर शिक्षण नागरी संरक्षण दलात मिळतं, तिथे नाव नोंदव.

आग विझल्यावर गर्दी पांगते. खरी सेवा तेव्हा लागते, आणि ती कंटाळवाणी असते. जळालेल्या दुकानाचा पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल, मालाची बिलं. बिलांच्या प्रती घरी ठेवायला सगळ्यांना आत्ताच सांग. विम्याचंही समजावून सांग: २० लाखांचा माल असताना १० लाखांचाच विमा उतरवला, तर ४ लाखांच्या नुकसानीला साधारण २ लाखच हाती येतात. हप्ता वाचवायला रक्कम कमी लावणारे बरेच आहेत, आणि त्यांना हे आग लागल्यावर कळतं.

वहीचं पहिलं पान आपल्याच दुकानाचं कर. आज रात्री जेवताना वडिलांना विचार, आपली दुसरी किल्ली कोणाकडे असते.