खाली बसता येत नाही, मग योगा कसला?

पन्नाशी ओलांडलेली माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे आली की हा प्रश्न कधी ना कधी निघतोच. मॅडम, मांडी घालता येत नाही, हात वर जात नाही, मग खुर्चीवर बसून हात हलवले तर तो योगा का? आपण स्वतःलाच फसवतोय असं वाटतं म्हणे.

अशाच एक काकी, फोंड्याकडच्या (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे संधिवाताचा तो प्रकार ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या सांध्यांवर उठते. पूर्वी शाळेत शिकवायच्या, मुलांकडून सूर्यनमस्कार घालून घ्यायच्या. आता ब्रह्ममुहूर्त चुकायला नको म्हणून पहाटे पाचचा गजर लावून उठायच्या आणि सुजलेल्या मनगटांवर भार टाकून तेच सूर्यनमस्कार घालायला बघायच्या, जमलं नाही की रडू, मग चार दिवस काहीच नाही, मग परत गजर. माझ्याकडे आल्या त्या "कशातच मन लागत नाही" म्हणून, योगाचं हे सगळं नंतर बाहेर आलं.

मी विचारलं, काकी, आसन करताना लक्ष कुठे असतं? म्हणाल्या, "खरं सांगू गो? शाळेच्या ग्राउंडवर." म्हणजे अंग चटईवर आणि मन तिशीतल्या बाईंची बरोबरी करत बसलेलं.

आधी त्यांना रुमॅटॉलॉजिस्टशी, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांशी, बोलायला लावलं. ह्या आजारात सकाळी अंग तासभर, कधी त्याहून जास्त आखडलेलं असतं, त्यामुळे पहाटेची वेळ त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट, ह्यात आळसाचा काही संबंध नाही. सांधा सुजलेला, गरम लागत असेल तर त्यावर वजन नाही. शीर्षासन, सर्वांगासन नाहीच, कारण ह्यात मानेचे वरचे मणके सैल होऊ शकतात. मग एका अनुभवी योगशिक्षिकेकडे पाठवलं, आसनं शिकवणं माझं काम नव्हे. त्यांनी वेळ संध्याकाळची, चहानंतरची ठरवली, जागा बल्कांवातला सोपो (घराच्या दारासमोरच्या पडवीतलं बांधीव बाक), आणि अधोमुख श्वानासन, म्हणजे हात टेकून कमरेत वाकायचं आसन, भिंतीला, तेही मनगटांवर भार न देता, कोपरापासूनचा हात टेकून.

तरी काकींची शंका होतीच. मी म्हटलं, योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींनी आसन म्हणजे स्थिर आणि सुखाचं एवढंच सांगितलंय, मांडीची अट कुठेय? आणि पुण्याचे योगाचार्य अय्यंगार गुरुजी, स्वतः लहानपणी मलेरिया, टायफॉइड, टीबी भोगलेले, खुर्ची, दोर, लोड लावून आजारी माणसांकडून आसनं करून घ्यायचे. काकी शाळेतल्या बाई, दाखला दिला की पटतं!

माझ्याकडचा अभ्यास एकच, प्रत्येक हालचालीत बघायचं की हे ताणलं जातंय की टोचतंय. स्नायूत पसरणारा ताण चालेल, सांध्यात कळ आली की थांबायचं, आणि कळ यायच्या आधी बरेचदा श्वास अडकतो, तो पकडायला शिकायचं. करून दोन तासांनी दुखणं आधीपेक्षा वाढलेलंच असेल तर पुढच्या वेळी कमी. काकी हे वहीत लिहायच्या, तारीख घालून, लाल पेनाने.

पावसाळ्यात आजार उसळला तेव्हा सोप्यावर बसून नुसता श्वास आणि सोसेल तेवढी बोटांची उघडझाप. रडू आलंच, पण योगा बंद नाही पडला. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या कमी करू का म्हणून मला विचारत होत्या. ते मात्र डॉक्टरांनाच विचारायचं, मला नाही आणि योगाच्या बाईंनाही नाही.